तीच भिंत, तीच ओल: गळती परत परत का येते

नाशिकच्या सिडकोतल्या एका घरी मी वर्षभरात तिसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि आत वळून आवाज दिला, "अहो, आपले पाहुणे आले." बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या बेडरूममध्ये कपाटामागे भिंतीवर ताटाएवढा ओला डाग होता. पलीकडे बाथरूम. दर वेळी कुणीतरी काहीतरी करायचं, डाग वाळायचा, रंग मारून व्हायचा, आणि दोन-तीन महिन्यांत रंगाला फोड येऊन पोपडे गळायला लागायचे. साड्यांना कुबट वास यायचा तो वेगळाच.

नाशकात नळकाम करता करता मला वीस वर्षं होत आली. त्यातून एक सवय लागली आहे. ओल त्याच जागी वर्षाच्या आत परत आली, तर पाइपवर नाही, मागच्या दुरुस्तीवर आधी संशय घ्यायचा. चांगला पाइप भिंतीत बसल्या बसल्या सहसा फुटत नाही, त्याला कुणीतरी घाईत काहीतरी केलेलं असतं. या घरात पहिल्यांदा गवंड्याने टाइल्सच्या फटींत व्हाइट सिमेंट भरलं होतं. दुसऱ्यांदा एका प्लंबरने एल्बोला (पाइपच्या काटकोनी जोडाला) एम-सील, म्हणजे मळून चिकटवायची पुट्टी, थापली होती. तिसरी दुरुस्ती माझी होती.

फोडण्याआधी पाणी कुठलं ते ठरवा

हातोडी शेवटी काढायची. आधी ओल कधी वाढते ते पाहा. ती चोवीस तास सारखी असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे टाकीतून नळाकडे येणाऱ्या पाइपवर. आंघोळी झाल्यावर वाढते आणि घर चार दिवस बंद असलं की वाळते, असं असेल तर बहुतेक न्हाणी ट्रॅप (न्हाणीतलं पाणी जातं ती जाळीखालची कुंडी), सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटी. फक्त पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूची भिंत भिजत असेल तर बाहेरचा गिलावा बघा, प्लंबरला बोलवून उपयोग नाही. दिवाळीत काकूंचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी हेच कारण सांगून मोकळा झालो होतो. "पावसाची ओल आहे, वाळेल," म्हणालो. बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर पाऊस कुठून येणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही.

दाबाच्या लाइनचा संशय असेल तर टाकीची खूण हा बिनखर्चाचा उपाय. रात्री सगळे झोपायला गेले की टाकीत येणारं पाणी बंद करायचं, पाण्याच्या पातळीला टाकीच्या आतून चिकटपट्टीची खूण करायची आणि सकाळी पहिला नळ उघडायच्या आत जाऊन बघायचं. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर पाणी. मात्र त्याआधी फ्लशची टाकी तपासून घ्या, कारण ती गुपचूप गळत असली तर सगळा हिशेब फसतो. फ्लशच्या टाकीत रंगाची चिमूट टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर तिथला वॉशर गेलेला आहे.

पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री सोलरमधून किंवा गिझरमधून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून तीच परीक्षा परत घ्या. काकूंकडे पहिल्या रात्री जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरलं, म्हणजे चार-साडेचार लिटर. डाग ताटाएवढा दिसत होता, बाकीचं पाणी फरशीखालच्या भरावात जिरत होतं. गरम लाइन बंद ठेवली त्या रात्री पातळी जागची हलली नाही. एवढं कळायला दोन रात्री आणि एक चिकटपट्टी लागली. हेच आधी केलं असतं तर व्हाइट सिमेंटचा खर्च वाचला असता.

सांडपाण्यावर संशय असेल तर न्हाणी ट्रॅपला प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्या भरून घट्ट बोळा लावा, बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा आणि दिवसभर सोडा. खालच्या छताला ओल आली तर दोष फरशीत. नाही आली, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर आली, तर पाइपात.

भिंत फोडली तेव्हा

डिसेंबरची सकाळ होती. टाइल काढली, पाइपसाठी भिंतीत खोदलेली झिरी उघडली आणि माझाच सांधा समोर आला. पाइपचा एक तुकडा दुसऱ्यात घुसवलेला, बाहेरच्या पाइपची कड एका बाजूला तपकिरी झालेली, आणि तिथूनच पाण्याचा बारीक मणी फुगून खाली ओघळत होता. मला तो रविवार आठवला. आषाढातली संध्याकाळ, सगळी हार्डवेअरची दुकानं बंद, पिशवीत दोन पाइप जोडायचा कपलर नाही. काकांना रात्री पाणी हवं होतं. मी जुनं वर्तमानपत्र पेटवलं, पाइपचं टोक त्यावर फिरवून मऊ केलं, दुसरा पाइप त्यात दाबला, पाइप चिकटवायचं सोल्युशन फासलं आणि पाणी सोडलं. गळत नव्हतं. वीस-पंचवीस रुपयांचा कपलर वाचला.

हा उद्योग नाशकातच काय, सगळीकडे सर्रास चालतो. म्हणून तो का टिकत नाही ते नीट सांगतो. कारखान्यातल्या फिटिंगचं (कपलर, एल्बो असले जोड) भोक आत किंचित निमुळतं होत जातं. पाइप कोरडा घातला तर तो एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडतो. सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं, पाइप पूर्ण आत जातो आणि दोन्ही प्लास्टिक एकजीव होतात. विस्तवावर केलेल्या सॉकेटात भिंत कुठे जाड, कुठे पातळ असते, आकार गोल राहत नाही, कड करपलेली असते. त्यातून खरी गोम अशी की तापवून ताणलेल्या पाइपला आपला जुना आकार आठवतो. परत उष्णता मिळाली की तो आकसून मूळ आकाराकडे जायला बघतो, आणि गरम पाण्याच्या लाइनीत ती उष्णता रोज मिळते. शिवाय हे प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. घसा आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. बंद बाथरूममध्ये तो धूर घेत आम्ही वर्षानुवर्षं काम केलं आहे.

त्या सांध्याच्या पलीकडे आणखी एक गंमत निघाली. गच्चीवरून क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, खाली येत होता आणि शेवटचा दीड-दोन फुटांचा तुकडा पांढरा, साधा यूपीव्हीसी. सिडकोच्या जुन्या घरांवर लोकांनी मजले चढवले, जुन्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनींना नव्या प्लास्टिकच्या जोडल्या, त्यात उरलेसुरले तुकडे खपले. थंड पाण्याला पांढरा पाइप उत्तम. पण 60 अंशांच्या पाण्यात त्याची दाब सहन करायची ताकद थंड पाण्यातल्या ताकदीच्या जेमतेम एक पंचमांश उरते. सीपीव्हीसी 82 अंशांनाही सुमारे एक चतुर्थांश ताकद राखून असतो, आणि मुळात त्याचं रेटिंगही चांगलं असतं. उन्हाळ्यात दोन दिवस घर बंद असलं तर ट्यूबवाल्या सोलरमधलं पाणी 80 अंशांच्या वर जाऊ शकतं. तेवढ्या उष्णतेत पांढरा पाइप मऊ पडतो.

रंगावर जाऊ नका, पाइपवर छापलेलं वाचा. सीपीव्हीसीवर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसीवर आयएस 4985. छपाईच नसलेला पाइप भिंतीत घालू नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

सोल्युशनचा डबा

सगळ्यात जास्त गळती मी या डब्यामुळे पाहिली आहे. यूपीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला फासायचं, कारण डबा उघडा आहे. थंड पाण्यात ते महिनोन्महिने निभावतं, गरम लाइनीत सुटतं. दुसरं म्हणजे जुना, मधासारखा घट्ट झालेला डबा. त्यात थिनर घालून पातळ करणारे हुशार लोक मला माहीत आहेत. घट्ट झालेलं सोल्युशन मेलेलं असतं, ते फेकायचं. पैसे वाचवायचे असतील तर लहान डबा घ्या.

काम असं करायचं. पाइप काटकोनात कापायचा. हेक्साच्या करवतीने कापला तर आतबाहेरचा भुसा काढून कड घासायची, नाहीतर तो भुसा सोल्युशन खरवडून आत ढकलतो. पाइप आणि फिटिंग पुसून कोरडं करायचं. कोरडं घालून बघायचं आणि पेन्सिलीने खोलीची खूण करायची. मग पाइपला भरपूर, फिटिंगच्या आत पातळ असं सोल्युशन लावायचं. आत थापलं तर ते गोळा होऊन पाइपच्याच भिंतीला खातं. पाइप घालताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. लगेच सोडला तर पाइप हळूच मागे सरकतो, आणि पेन्सिलीची खूण बाहेर आलेली दिसली की समजायचं. सांध्याभोवती सोल्युशनची सारखी बारीक कड दिसली पाहिजे.

यातलं 'कोरडं' हे सर्वात अवघड. व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, पाणी थेंब थेंब येतच राहतं, आणि घरातले "किती वेळ?" म्हणून दारात उभे. मग पाइपात चिंधी कोंबून सांधा मारला जातो. चिंधी आतच राहते आणि पुढे आठ दिवसांनी शॉवरची धार का बारीक झाली याचा शोध सुरू होतो. त्यापेक्षा आधी टाकीवरचा व्हॉल्व्ह बदला आणि खालचा नळ उघडा ठेवून लाइन रिकामी होऊ द्या.

सांधा वाळायला लागणारा वेळ पाइपच्या जाडीवर आणि हवेवर असतो. मे महिन्यात जे काही तासांत होतं ते नाशिकच्या थंडीत, पहाटे पारा दहाच्या खाली असताना, होत नाही. दाब देण्याआधी मी आता चोवीस तास मागतो. लोक नाराज होतात. शेजाऱ्यांकडून दोन बादल्या आणा म्हणतो.

एम-सील, टेफ्लॉन आणि पान्याचा जोर

एम-सीलवर माझा राग नाही. पन्हाळीची फट, टाकीच्या कनेक्शनची कड, अशा बिनदाबाच्या जागी ते कामाचं आहे. पण दाबाच्या ओल्या पाइपवर ते फक्त वरून बसतं. पाणी खालून वाट काढतच राहतं, फक्त ती वाट आता दिसत नाही. काकूंच्या एल्बोवरचा गोळा मी बोटांनी उचलला, टरफलासारखा हातात आला.

आट्यांचं असं आहे की गळलं की आम्ही पाना आणखी आवळतो. लोखंडी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा) प्लास्टिकच्या आट्यांत जोर लावून घातला तर प्लास्टिकला बारीक उभी चीर जाते. ती त्या दिवशी दिसत नाही, थंडीत किंवा रात्री दाब वाढला की उघडते. टेफ्लॉनच्या पट्टीचे वीस वेढे आणि वर जुन्या पद्धतीने सुतळी-सफेदा लावला तर ती पाचरच होते. नळ, अँगल कॉक किंवा मिक्सर जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचीच फिटिंग घ्या. चार पैसे जास्त पडतात. आणि मध्ये जीआयचं एक्स्टेन्शन निपल घालू नका, ते आतून गंजतं आणि नळ बदलायच्या दिवशी भिंतीतच तुटतं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. गरम लाइन लांबीने वाढते. दहा मीटरचा सीपीव्हीसी 40 अंशांनी तापला की सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होतो. गच्चीवरून खाली येणारी लाइन क्लॅम्पनी करकचून बांधली आणि वरून सिमेंटने गच्च केली तर तो जोर एल्बोवर येतो, तोही रोज सकाळी. क्लॅम्प सैल हवेत, पाइप सरकला पाहिजे, आणि लांब सरळ लाइनीत एखादं वळण मुद्दाम ठेवायचं.

यात जीव जाऊ शकतो

ओलीने रंग जातो. पुढच्या तीन गोष्टींत त्याहून मोठं काही जाऊ शकतं.

गिझरच्या खाली सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि गिझर तापताना तो ठिबकतो. लोकांना वाटतं गळतोय, आणि प्लंबरला सांगून त्यावर टोपी बसवून घेतात. हिशेब करून बघा. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की ते सुमारे दीड टक्का फुगतं, म्हणजे पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास. थंड पाण्याच्या बाजूला उलटं पाणी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल तर हे जास्तीचं पाणी जाणार कुठे? ते ठिबकतं, ते बरोबर आहे. तोंड बंद केलं आणि कधी थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळत राहिलं, तर भिंतीवर बाँब टांगलेला आहे. गिझर बंद असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर तो बदला, किंवा लाइनीतला दाब तपासा. टोपी बसवू नका, नळीने थेंब नहाणीत सोडा. सोलरच्या टाकीवरचा उभा हवेचा पाइपही असाच. त्यातून कधी पाणी सांडतं म्हणून तो बंद करणारे भेटले आहेत. तो उघडाच हवा आणि थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे पालिकेच्या नळाला थेट लावलेली मोटर. गंगापूर धरणाचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, लाइनीच्या शेवटच्या घरांना धार बारीक मिळते, आणि गल्लीत एकाने मोटर लावली की दुसऱ्यालाही लावावी लागते. हे बेकायदा आहे, पण माझा मुद्दा वेगळा. मोटर ओढते तेव्हा जमिनीतल्या पाइपात दाबाऐवजी खेच तयार होते. तो पाइप गटाराशेजारून जात असेल आणि कुठे बारीक भेग असेल, तर एरवी जिथून पाणी बाहेर झिरपलं असतं तिथून आता घाण आत येते. ती तुमच्याच टाकीत जाते आणि शेजाऱ्यांच्याही. पाणी आधी खालच्या हौदात आपोआप पडू द्या आणि मोटर हौदातून वर चढवायला लावा. हौद नळाच्या पातळीच्या खाली घेतला तर बारीक धारही बऱ्यापैकी भरते.

बीम-कॉलम फोडून झिरी मारणं हा तिसरा प्रकार. त्यावर एकच शब्द, नको. पाइप वळसा घालून न्या.

टाइल लावायच्या आधी

काकूंकडची गरम लाइन शेवटी सोलरपासून बाथरूमपर्यंत एकाच छपाईच्या सीपीव्हीसीत नवी टाकली. मिक्सरच्या जागी गरम आणि थंड तोंडं एका नळीने जोडली, बाकी सगळ्या तोंडांना प्लग मारले, हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी हातपंपाने दाब दिला. दाबाचा काटा 10 किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) नेऊन ठेवला. तुलनेसाठी सांगतो, दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब साधारण एक किलो असतो. काटा उतरला तर गळती आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. आमचा पहिल्या तासात थोडा उतरला. एक प्लग सैल होता. तो आवळल्यावर काटा संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. गवंडी तोवर पायरीवर बसून दोनदा चहा प्यायला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "भाऊ, बास झालं आता."

ही परीक्षा पाण्यानेच घ्यायची. पंप नाही म्हणून कुणी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला तर त्याला परत पाठवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप फुटला तर फक्त ओघळतं. हवा दाबून साठते आणि प्लास्टिकच्या ठिकऱ्या गोळीसारख्या उडतात.

झिरी बुजवण्याआधी मोजपट्टी भिंतीला लावून फोटो काढले. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, कुठली गरम, कुठली थंड. पुढे टॉवेलचा हूक ठोकताना ड्रिल नेमकं पाइपात जातं, तेव्हा हेच फोटो कामाला येतात. मजुरी मी घेतली नाही. माल काकांनी दिला आणि चहाबरोबर चिवडाही. फोटोची प्रिंट काकूंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, साड्यांच्या बाजूला.